हॉक माउंटन : मोजणीच्या कड्यावर एका शरद ऋतूत तीन भेटी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या शरद ऋतूतील सहली सहसा सफरचंदांच्या बागा आणि पोकोनो डोंगरांतील रंगीत पाने यांपाशी संपतात. आमच्याही सहली अनेक वर्षे तेथेच संपत होत्या. गेल्या शरद ऋतूत मात्र मी पेनसिल्व्हेनियातील केम्प्टन गावाजवळच्या हॉक माउंटन अभयारण्यात तीन वेळा गेले : सप्टेंबरच्या मध्यावर, ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन आणि नोव्हेंबरमध्ये एकटी. आंतरराज्य महामार्ग 78 ने गेल्यास एडिसनहून साधारण दोन तास लागतात. ज्यांना पक्ष्यांची थोडीफार आवड आहे आणि एका जागी तीन-चार तास बसण्याची तयारी आहे, त्यांनी येथे जरूर जावे, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र तेथे काय मिळते याची नेमकी कल्पना घेऊन जावे, कारण प्राणिसंग्रहालयाच्या अपेक्षेने गेलेला माणूस तासाभरात उठून परत येण्याची शक्यता आहे. येथे दक्षिणेकडे स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी रोज चालते आणि पायवाटेचे शुल्क भरून आपण त्या कामाच्या शेजारी बसायला जातो. या जागेचे खरे मोल त्या मोजणीत आहे आणि माझा अभिप्रायही मुख्यतः तिच्याविषयीच आहे.

हे अभयारण्य किटाटिनी नावाच्या लांबलचक डोंगररांगेवर आहे. अॅपलाचियन पर्वतातील ही पूर्वेकडची रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाते. उत्तरेकडून थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा या रांगेवर आडवा आदळतो आणि उतारावरून वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख पसरले की पक्ष्याला पंख फारसे हलवावे लागत नाहीत; न्यू इंग्लंड आणि कॅनडाकडून निघालेले ससाणे, गरुड आणि घारीसारखे पक्षी कड्याच्या धारेला धरून मैलोन् मैल तरंगत जातात. ज्या कारणाने ते कड्याच्या इतक्या जवळून जातात, त्याच कारणाने एके काळी येथे बंदूकवाले गोळा होत असत. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे आणि शिकारीच्या पाखरांचे शत्रू, अशी तेव्हाची समजूत होती. 1929 पासून पेनसिल्व्हेनिया राज्य गॉसहॉक या पक्ष्यामागे 5 डॉलरचे बक्षीस देत होते आणि उडत्या पक्ष्यांतून गॉसहॉक कोणता हे पाहण्याच्या फंदात कोणी पडत नसे. 1932 मध्ये रिचर्ड पाऊ यांनी या कड्याखाली पडलेल्या मृत पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. ती पाहून अस्वस्थ झालेल्या न्यू यॉर्कच्या रोझली एज यांनी 1934 मध्ये सुमारे 1,400 एकरांचा हा डोंगर भाडेपट्ट्याने घेतला. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतून तयार झालेल्या कार्यकर्त्या होत्या. त्यांनी मॉरिस ब्राऊन या तरुण पक्षीअभ्यासकाला राखणदार म्हणून नेमले; त्यांची पत्नी अर्मा प्रवेशाच्या वाटेवर बसून येणाऱ्यांना अडवीत किंवा आत सोडीत. त्याच शरद ऋतूत ब्राऊन यांनी पक्षी मोजायला सुरुवात केली. महायुद्धाच्या काळातील 1943 ते 1945 ही वर्षे सोडली तर ती मोजणी आजतागायत चालू आहे. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेले हे जगातील पहिले अभयारण्य मानले जाते.

हा इतिहास अभ्यागत केंद्रात नीट मांडलेला आहे. वर जाण्यापूर्वी त्यासाठी अर्धा तास द्यावा, कारण तो माहीत असला की वरच्या खडकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरील नोंदवही निराळीच दिसते. स्वच्छतागृहही येथेच उरकून घ्यावे. केंद्रातील पुस्तकांचे दुकान चांगले आहे; उडत्या पक्ष्यांच्या छायाकृतींचे एक साधे पत्रक मी तेथून घेतले आणि ते मला कोणत्याही जाड पुस्तकापेक्षा अधिक कामी आले.

पहिली भेट सप्टेंबरच्या मध्यावरची. ब्रॉड-विंग्ड हॉक या लहानशा, रुंद पंखांच्या पक्ष्याचे मोठे थवे याच सुमारास जातात. तो हिवाळ्यासाठी मध्य आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो. सकाळी जमीन तापून हवेचे गरम स्तंभ वर उठू लागले की शेकडो पक्षी एकाच स्तंभात घिरट्या घालत उंच चढतात आणि वरून पुढच्या स्तंभाकडे घसरत जातात. 14 सप्टेंबर 1978 या एका दिवशी येथून 21 हजारांहून अधिक ब्रॉड-विंग्ड हॉक गेल्याची नोंद आहे. तो आकडा वाचून मी गेले होते आणि तेथेच माझी चूक झाली. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता, आकाश पांढुरके होते आणि दुपारपर्यंत जे पक्षी गेले ते हातापायांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. त्यात माझी दुर्बीणही निरुपयोगी ठरली. एका दुकानात मी पक्ष्यांसाठी म्हणून दुर्बीण मागितली, तेव्हा जितकी शक्ती जास्त तितके बरे असे सांगून मला बारा पटींची जड दुर्बीण देण्यात आली होती. ती हातात इतकी थरथरत असे की दूरचा ठिपका तिच्यातून सापडायचाच नाही. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंनी आपली आठ पटींची दुर्बीण पंधरा मिनिटे माझ्या हाती दिली आणि मला पहिल्यांदा तो ठिपका पक्ष्यासारखा दिसला. नवीन दुर्बीण घेणाऱ्यांनी आठ किंवा फार तर दहा पटींची घ्यावी. विस्तृत आकाश एका नजरेत येणे येथे महत्त्वाचे असते.

असा कोरडा दिवस मिळूनही मी परत का गेले, याचे उत्तर त्या दिवशी पाहिलेल्या एका साध्या गोष्टीत आहे. मोजणीला बसलेल्या तरुणीने दर तासाच्या शेवटी नोंदवही उघडून वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढगांचे प्रमाण आणि किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते हे लिहिले आणि त्यापुढे प्रत्येक जातीचा आकडा लिहिला. एका तासात एकही पक्षी गेला नाही. तिने तो तासही तितक्याच काळजीने, वाऱ्या-ढगांसह लिहून काढला. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली की पाहणारा जागेवर होता आणि पक्षी आला नाही, हीसुद्धा माहिती आहे. पाहणारा उठून गेला असता तर काहीच माहिती उरली नसती. हे ऐकून मला ती जागा आवडली.

आता मोजणीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला वर काय चालले आहे हे लवकर कळत नाही. मुख्य मोजणी नॉर्थ लुकआउट या सुमारे 1,500 फूट उंचीच्या खडकाळ माथ्यावरून होते. शरदातील मोजणी 15 ऑगस्टला सुरू होऊन 15 डिसेंबरला संपते. समोर, पक्षी ज्या दिशेने येतात त्या ईशान्येकडे, डोंगराच्या धारेवर एकामागून एक उंचवटे दिसतात. त्यांना आकडे दिलेले आहेत. कोणी ‘तीनच्या वर, डावीकडे, ढगाखाली’ असे पुकारले की सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळतात. बिनखुणेच्या आकाशात एक ठिपका दुसऱ्याला दाखवणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक! नव्या माणसाने सर्वप्रथम हे आकडे पाठ करावेत.

इतक्या अंतरावर रंग दिसतच नाहीत. पक्षी ओळखायचा तो पंखांच्या ठेवणीवरून आणि उडण्याच्या लयीवरून. टर्की व्हल्चर हे गिधाड पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून डुलत जाते. गरुडाचे पंख फळी टाकल्यासारखे सरळ असतात. आपल्या शिक्र्याची आठवण करून देणारा शार्प-शिन्ड हॉक भराभर चार-पाच वेळा पंख मारतो, थोडा तरंगतो, पुन्हा पंख मारतो. नॉर्दर्न हॅरियर हा भोवत्यांपैकी एक. त्याच्या शेपटीच्या मुळाशी असलेला पांढरा पट्टा जवळ आल्यावर झळकतो. बहिरी ससाणा टोकदार पंखांनी सरळ रेषेत येतो आणि तो आला आहे हे उमगेपर्यंत डोक्यावरून पुढे गेलेला असतो. खांबावर बसवलेले प्लास्टिकचे घुबड पाहून मी आधी गोंधळले होते. घुबडाला हुसकावण्यासाठी लहान ससाणे आणि शिक्र्यासारखे पक्षी त्याच्यावर झेप घेतात आणि त्यामुळे ते आपल्याला काही हातांवरून पाहता येतात.

मोठा थवा मोजण्याची रीत मला सर्वांत विलक्षण वाटली. घिरट्या घालणाऱ्या थव्यातील पक्षी मोजायला घेतले तर तोच पक्षी दोनदा मोजला जातो. म्हणून थवा वर चढेपर्यंत वाट पाहतात, आणि वरून पक्षी एकामागून एक रांगेने घसरू लागले की दुर्बीण एका जागी स्थिर धरून तिच्यातून जाणारे पक्षी अंगठ्याखालच्या खटक्यावर मोजतात. रांग दाट असेल तर दहा-दहांनी. कड्यावर मागे वळून उत्तरेकडे गेलेला पक्षी आणि या डोंगरावरच राहणारा पक्षी स्थलांतरात धरत नाहीत. दोन जणांचे आकडे जुळले नाहीत तर मोठा आकडा घेण्याचा मोह तेथे कोणाला होत नाही, हे मी स्वतः पाहिले. जात ओळखता आली नाही तर ‘अनोळखी’ म्हणून नोंद होते आणि ते लिहिताना कोणाला कमीपणा वाटत नाही. सगळ्या जाती मिळून एका शरदात येथून सरासरी 18 हजारांच्या आसपास शिकारी पक्षी जातात, आणि त्यांतला प्रत्येक पक्षी अशा रीतीने कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

दुसरी भेट ऑक्टोबरच्या मध्यावर, आई चिपळूणहून आलेली असताना झाली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि सकाळी वायव्येचा कोरडा, बोचरा वारा सुटला होता. मोजणी करणारे अशाच दिवसाची वाट पाहतात. आईचे गुडघे दुखतात. नॉर्थ लुकआउटची वाट मैलभराच्या आत-बाहेर असली तरी शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या दगडांवरून चढावे लागते, म्हणून मी तिला साउथ लुकआउटवर नेले. हे ठिकाण प्रवेशाजवळच आहे आणि चाकाच्या खुर्चीवरूनही तेथपर्यंत जाता येईल अशी वाट केलेली आहे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी निःशंकपणे येथेच बसावे. समोरच्या दरीत हिमयुगातील गोठण-वितळण्यातून तयार झालेली दगडांची नदी पसरलेली दिसते आणि पक्षीही भरपूर दिसतात, फक्त ते नॉर्थ लुकआउटइतके नजरेच्या पातळीवर येत नाहीत. त्या दिवशी शार्प-शिन्ड हॉक एकामागून एक येत होते. एक बॉल्ड ईगल, पांढरे डोके उन्हात चमकवीत, इतक्या सावकाश गेला की आईला दुर्बिणीची गरजच पडली नाही.

थोड्या वेळाने आईने विचारले, “अगं, हे मोजून यांना मिळतं काय?” मी तिला याच पक्ष्याची गोष्ट सांगितली. बॉल्ड ईगलची पहिल्या वर्षाची पिल्ले अंगभर गडद असतात, त्यामुळे उडतानाही ती प्रौढांपासून वेगळी ओळखता येतात. 1935 ते 1939 या काळात येथून जाणाऱ्या बॉल्ड ईगलांपैकी 40 टक्के अशी पिल्ले होती. 1955 ते 1959 मध्ये ते प्रमाण 20 टक्क्यांवर आले, आणि 1957 मध्ये तर 32 प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. प्रौढ पक्षी येत होते, पण त्यांची पिल्ले येत नव्हती. रेचल कार्सन यांनी 1962 मध्ये आलेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ब्राऊन यांचे हे आकडे डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले. अमेरिकेत 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2007 मध्ये बॉल्ड ईगल धोक्यातील प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. मोजणीची सुरुवात झाली तेव्हा ब्राऊन यांना डीडीटी हा शब्दही ऐकून माहीत असण्याचे कारण नव्हते. कशासाठी लागेल हे ठाऊक नसताना त्यांनी पिल्ले निराळी मोजून ठेवली होती.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिने तिच्या माहेरच्या गावाबाहेरची ढोरे टाकायची जागा आठवून सांगितली. तेथे गिधाडे इतकी बसत की झाडाची फांदी वाकलेली दिसे. “कधी गेली ती, कुणालाच सांगता येत नाही,” ती म्हणाली. “एक दिवस बघितलं तर नव्हती.” तिचे म्हणणे खरे आहे, आपल्या गावागावांतील गिधाडे कोणी मोजली नव्हती. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची मोजणी केलेली होती आणि नव्वदच्या दशकात त्यांनीच पुन्हा मोजले, म्हणून ती किती झपाट्याने नाहीशी होत आहेत हे आकड्यांत दाखवता आले. पुढे 2004 मध्ये गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाकडे निश्चितपणे बोट दाखवले गेले आणि 2006 मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर भारतात बंदी आली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. आई त्यानंतर निघेपर्यंत स्वतःच मोजत बसली. तिने शार्प-शिन्ड हॉकना ‘शिक्रे’ हेच नाव ठेवले आणि रुमालाला गाठी मारून हिशेब ठेवला.

त्या दिवशी मी तासाभरासाठी एकटी नॉर्थ लुकआउटवरही जाऊन आले. ऑक्टोबरच्या रविवारी तेथे फार गर्दी असते. बसण्याजोगे दगड सकाळी दहापर्यंत भरतात, वाहनतळावरही जागा उरत नाही, आणि पानांचे फोटो काढायला आलेल्यांच्या बोलण्याने पुकारे ऐकू येत नाहीत. जमल्यास मधल्या वारी जावे. पक्ष्यांची विविधता, हवामान आणि डोंगराचा रंग यांचा विचार करता पहिल्या भेटीसाठी मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडाच सुचवेन. सप्टेंबरचे थवे मिळाले तर आयुष्यभर लक्षात राहतील, पण ते एखाद-दोन दिवसांत निघून जातात आणि पुष्कळदा दुसऱ्याच रांगेवरून जातात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार निवडला तरी चालेल, कारण त्या दिवशी संस्थेचे शिक्षक आणि स्वयंसेवक वर असतात. त्यांचे समजावणे मला फार आवडले. एका सात-आठ वर्षांच्या मुलीने गिधाडाला गरुड म्हटले, तेव्हा त्यांनी तिला चूक असे सांगितले नाही. पंख सरळ आहेत की वर उचललेले, एवढेच विचारले, आणि तिने स्वतःच उत्तर बदलले.

बरोबर न्यायच्या वस्तूंत सर्वांत आधी जाड उशी घ्यावी. कड्यावरचा वालुकाश्म अतिशय कठीण आणि थंड असतो आणि तीन तासांनी त्याची जाणीव हाडांपर्यंत पोहोचते. खाली पार्किंगमध्ये उकडत असले तरी वर जाताना जॅकेट आणि कानटोपी न्यावी. खाण्याची सोय वर नाही. आम्ही नेलेले थालीपीठ आणि थर्मासमधला चहा पुरेसा झाला.

तिसरी भेट नोव्हेंबरच्या मध्यावरची, आणि खरे सांगायचे तर माझी सर्वांत आवडती. पाने गळून गेलेली होती, माणसे मोजकी होती आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी थांबत नव्हते. या दिवसांत रेड-टेल्ड हॉक जातात, आणि ज्यांच्यासाठी लोक हा गारठा सोसतात ते गोल्डन ईगल जातात. पूर्व अमेरिकेत हा गरुड थोडाच आहे. बहुतेक पक्षी क्वेबेककडून येतात. दुपारी एकच्या सुमारास कोणीतरी हळू आवाजात पहिल्या उंचवट्याचे नाव घेतले. कड्याच्या धारेखालून, म्हणजे आमच्या पायांच्याही खालून, तो वर आला, मान किंचित वळवून आमच्याकडे पाहत गेला आणि सोनेरी मान आम्हांला साध्या डोळ्यांनी दिसली. त्या वेळी कोणीही काही बोलले नाही. मोजणीला बसलेल्या माणसाने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिले, मग हातमोजा काढून तो प्रौढ की कोवळा हे वहीत लिहिले आणि हातमोजा पुन्हा चढवला.

या जागेच्या आकड्यांतून आनंदाच्याच बातम्या मिळतात असे नाही. आपल्या खरूची या लहान ससाण्याची चुलतबहीण शोभेल असा अमेरिकन केस्ट्रेल येथून आता पूर्वीपेक्षा कितीतरी कमी संख्येने जातो. त्याच्यासाठी संस्थेने आसपासच्या शेतांवर घरट्यांच्या पेट्या लावल्या आहेत. पायवाटेच्या शुल्कातून आणि सदस्यत्वाच्या वर्गणीतून असली कामे चालतात, कारण ही सरकारी संस्था नाही. मी तिसऱ्या भेटीच्या वेळी कुटुंबाचे सदस्यत्व घेतले. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यांना ते सोयीचे पडते.

प्रत्येक दिवसाचा आकडा संस्था संध्याकाळनंतर आपल्या संकेतस्थळावर देते, आणि तेथे न जाताही ही सेवा घेता येते. आई ऑक्टोबरअखेरीस चिपळूणला परतली, तरी माझ्याकडे रात्र आणि तिच्याकडे सकाळ असताना तिचा फोन येई, “काल किती गेले गं?” मी जातवार वाचून दाखवीत असे. 15 डिसेंबरला तिला शेवटचा आकडा सांगितला. वसंतातील मोजणी 1 एप्रिल ते 15 मे या काळात होते. तेव्हा पक्षी बरेच कमी असतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला तो हंगाम मी सुचवणार नाही. आईने मात्र यंदाचे तिकीट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचे काढायला सांगितले आहे.